सणाच्या जेवणाला घरची ताटे काढावीत की पत्रावळी मांडाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी आणि माघातला गजानन महाराजांचा प्रकट दिन जवळ आला की विदर्भातल्या खेड्यांमध्ये घरोघरी हाच विषय निघतो. येथील उत्तरे पन्नास-शंभर पानांच्या घरगुती पंगतीपासून गावजेवणापर्यंतचा विचार करून लिहिली आहेत.

ताटे की पत्रावळी, हे ठरवताना सर्वांत आधी काय पाहावे?

भांडी धुणार कोण आहे, हे आधी पाहावे. बहुतेक घरांत चर्चा शोभेपासून सुरू होते, म्हणजे स्टीलची ताटे बरी दिसतात की हिरवी पत्रावळ, याचा काथ्याकूट होतो, आणि ज्या बाईने पहाटे चार वाजता उठून पुरण शिजवले तिलाच रात्री अकरा वाजता न्हाणीपाशी शंभर ताटांच्या ढिगासमोर बसावे लागणार आहे, ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून निर्णय बैठकीत न घेता स्वयंपाकघरात घ्यावा आणि धुणाऱ्या माणसाचा शब्द शेवटचा मानावा. त्यानंतर पाणी किती आहे, पाहुणे किती आहेत आणि उष्टे टाकायला जागा कोठे आहे, या तीन गोष्टी पाहिल्या की बाकीचा निर्णय आपोआप होतो.

किती माणसांपर्यंत घरची ताटे काढणे झेपते?

आमच्या मते पंचवीस-तीस पानांपर्यंत घरच्या ताटांना पर्याय शोधूच नये. एक ताट, दोन वाट्या आणि एक पेला नीट घासून विसळायला अंदाजे दोन-तीन लिटर पाणी लागते, त्यामुळे तीस पानांना अर्धे बॅरल पाणी पुरते आणि चार हात लागले तर तासाभरात काम उरकते. पन्नासच्या पुढे मात्र हिशेब बदलतो. शंभर पानांना दीड बॅरल पाणी केवळ भांड्यांसाठी बाजूला ठेवावे लागते. भाद्रपदात विहिरीला पाणी असते म्हणून ते जमूनही जाते, पण चैत्र-वैशाखात, जेव्हा नळ दोन-चार दिवसांआड येतो किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा तेवढे पाणी ताटांवर घालणे योग्य नाही.

पाणी वाचवण्याचा एक साधा मार्ग आहे. वाहत्या नळाखाली किंवा गडव्याने पाणी ओतत भांडी विसळू नयेत. तीन मोठी घमेली मांडावीत, पहिल्यात खरकटे निपटून काढलेले ताट बुडवावे, दुसऱ्यात घासलेले विसळावे आणि तिसऱ्यातल्या स्वच्छ पाण्यातून काढून उपडे घालावे. पहिल्या घमेल्यातले पाणी गढूळ झाले की ते बदलून दुसऱ्याचे पाणी त्याच्या जागी आणावे. या पद्धतीने जवळपास निम्म्या पाण्यात काम होते.

आजेसासूबाईंची पितळी ताटे माळ्यावर आहेत. ती सणाला काढावीत का?

अवश्य काढावीत, पण कल्हई पाहून. भंडारा शहराची ओळखच पितळेची नगरी अशी आहे, आणि पूर्व विदर्भातल्या पुष्कळ घरांत लग्नात मिळालेली पितळेची ताटे, गडवे आणि कोपर अजूनही जपून ठेवलेले असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कढी, आंबील, चिंचेचे पंचामृत असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत राहिले की आम्लामुळे धातू त्यात उतरतो आणि पदार्थ कळकतो. त्याला हिरवट झाक येते, चव तुरट-कडू होते, आणि असे अन्न पोटात गेल्यावर मळमळ व उलट्या होऊ शकतात. कल्हई म्हणजे ताटाच्या आतल्या बाजूला नवसागराच्या साहाय्याने चढवलेला कथलाचा पातळ थर. तो पांढरा चमकतो. जिथे पिवळी धातू दिसू लागली तिथे कल्हई उडाली असे समजावे.

कल्हईवाला आता गावोगाव फिरत नाही, म्हणून सणाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी तालुक्याच्या बाजारात चौकशी करावी. कल्हई झाली नाही तर त्या ताटांत पुरणपोळी, वडे, भजी आणि भात असे कोरडे पदार्थ वाढावेत आणि आंबट पदार्थांसाठी स्टीलच्या वाट्या ठेवाव्यात. कल्हईचे ताट तारेच्या काथ्याने घासू नये. राख आणि नारळाची शेंडी पुरेशी आहे.

आम्ही खारपाण पट्ट्यात राहतो. आमच्याकडे धुतलेल्या ताटांवर पांढरे डाग पडतात. ते जातील का?

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात भूजलच क्षारयुक्त आहे, त्यामुळे साबणाला फेस येत नाही आणि ताट वाऱ्यावर वाळले की क्षार मागे राहतात. डाग म्हणजे मळ नव्हे, पण पाहुण्यांसमोर ताट मांडताना गृहिणीला उगाच संकोच वाटतो. शेवटच्या घमेल्यात शक्य असेल तर पिण्याचे गोडे पाणी घ्यावे आणि ताट वाळू न देता लगेच कोरड्या सुती कापडाने पुसावे. जुने डाग चिंचेच्या कोळाने निघतात. ज्या गावात गोडे पाणी केवळ पिण्यापुरतेच येते, तिथे मोठ्या पंगतीला पत्रावळच घ्यावी, असे आम्ही स्पष्टपणे सुचवतो.

बिछायत केंद्रातून ताटे भाड्याने आणणे कसे राहील?

पन्नास ते दोनशे पानांसाठी हा चांगला मार्ग आहे. नेताना आणि परत करताना ताटे, वाट्या, पेले, चमचे वेगवेगळे मोजून चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, कारण हरवतात त्या नेहमी वाट्याच, आणि त्यांची भरपाई द्यावी लागते. आणलेली भांडी धुतलेली दिसली तरी गरम पाण्याने पुन्हा धुवावीत. पंगती दोन किंवा तीन बसणार असतील तर सगळ्या पाहुण्यांएवढी ताटे आणण्याची गरज नाही. एका पंगतीची आणि वर दहा-पंधरा ताटे पुरतात, मात्र मधल्या वेळात धुण्यासाठी मजुरी देऊन दोन माणसे ठरवावीत. घरच्याच सुनांना आणि लेकींना हे काम ‘तेवढे करून घ्या’ म्हणून सोपवू नये.

थर्माकोलची पत्रावळ बाजारात अजून मिळते. ती वापरली तर चालते का?

चालत नाही. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटे, वाट्या, पेले, चमचे यांच्या वापरावर बंदी घातली. पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000 रुपये आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद तिच्यात आहे. केंद्राची एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवरील बंदी 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झाली.

कायदा बाजूला ठेवला तरी थर्माकोल अन्नासाठी वाईटच आहे. ते स्टायरीन या रसायनापासून बनते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरीनला माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले. उष्णता आणि तेल यांनी ते अन्नात अधिक उतरते. आपल्याकडची तर्रीची भाजी कढईतून थेट पानात येते आणि तिच्यावर तेलाचा तवंग असतो. म्हणजे गरम आणि तेलकट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असतात.

चांदीसारखे चकचकणारे कागदी द्रोण आणि पत्रावळी तर कागदाच्याच असतात ना?

कागद खालच्या बाजूला असतो. वरचा चकचकीत भाग हा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर धातूची झिलई दिलेली असते. खात्री करून घेण्यासाठी एक द्रोण विकत घ्यावा, रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा आणि सकाळी कडेपासून बोटांनी सोलावा. कागदाचा लगदा हाताशी गळून पडतो आणि पारदर्शक किंवा चंदेरी पापुद्रा अखंड हाती येतो. तो पापुद्रा मातीत कुजत नाही. 2022 मध्ये राज्य शासनाने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटांनाही बंदीच्या यादीत आणले. दुकानदार ‘हे कागदाचेच आहे’ असे सांगतो तेव्हा तो खोटेच बोलतो असे नाही, त्यालाही अनेकदा माहीत नसते. म्हणून भिजवून पाहणे हाच उत्तम उपाय.

पळसाची चांगली पत्रावळ कशी ओळखावी? घरी शिवता येईल का?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत आणि मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत पळस मुबलक आहे, आणि पत्रावळी-द्रोण शिवून विकणे हा तिथल्या अनेक बायांचा पूरक धंदा आहे. शक्य असेल तर व्यापाऱ्याऐवजी त्यांच्याकडूनच थेट घ्याव्यात आणि महिनाभर आधी सांगून ठेवावे.

पत्रावळ हातात घेऊन आधी उजेडासमोर धरावी. दोन पानांच्या जोडातून उजेडाची चीर दिसली तर वरण त्याच वाटेने सतरंजीवर जाणार हे नक्की. नंतर ती पालथी करून काड्या पाहाव्यात. बांबूच्या चोयीच्या किंवा कडुलिंबाच्या बारीक काड्या दोन्ही टोकांनी पानात रोवलेल्या असाव्यात, कोठेही टोक वर आलेले नसावे, कारण लहान मुलाच्या घासात काडी जाण्याची भीती असते. पळसाच्या पानाची वरची बाजू गुळगुळीत आणि खालची लवदार असते. अन्न गुळगुळीत बाजूवरच यायला हवे. पानावर काळे ठिपके, पांढरी बुरशी किंवा कुबट वास असेल तर ती गठ्ठ्यासकट परत करावी. एखादीच वाईट आहे असे म्हणून बाकीच्या ठेवू नयेत.

घरी शिवण्याला भाद्रपद हा सर्वांत चांगला काळ आहे, कारण तेव्हा पाने मोठी, हिरवी आणि लवचिक असतात. पाने धुऊन फडक्याने पुसावीत, देठ काढावेत, सर्वांत मोठे पान मध्ये ठेवून त्याभोवती पाच-सहा पाने अशी मांडावीत की प्रत्येक पानाची कड शेजारच्याखाली दोन बोटे तरी जाईल, आणि मग टाके घालावेत. शिवलेल्या पत्रावळी एकावर एक रचून वर पाट आणि दगड ठेवला की त्या सपाट होतात. माघ-फाल्गुनात पळसाची पाने गळून झाड फुलावर येते, म्हणून गजानन महाराजांचा प्रकट दिन किंवा होळी यांच्या जेवणाला आधीच्या हंगामात वाळवून ठेवलेल्या पत्रावळीच लागतात. वाळलेली पत्रावळ वाढण्याआधी अर्धा तास पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात ठेवावी, म्हणजे ती तडकत नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणात कढी, आंबील, खीर असे पातळ पदार्थ पुष्कळ असतात. पत्रावळीवर ते कसे वाढावेत?

पत्रावळीवर सर्वच वाढले पाहिजे असे नाही. पुरणपोळी, भात, भाज्या, चटण्या, कोशिंबीर, वडे पत्रावळीवर वाढावेत आणि पातळ पदार्थांसाठी घरच्या स्टीलच्या दोन वाट्या द्याव्यात. ही मिश्र पद्धत आम्हांला सर्वांत पसंत आहे. ताटांचा ढीग टळतो, वाट्या धुणे फारसे जड जात नाही, आणि आंबील सांडून पाहुणीच्या लुगड्याला डाग पडण्याची वेळ येत नाही. द्रोणच वापरायचा असेल तर एकात एक असे दोन घालून द्यावेत आणि कढी जेवायला बसल्यावरच वाढावी. वाढप्यांना हे आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर ते पाने मांडतानाच कढी ओतून मोकळे होतात.

सुपारीच्या विरीची किंवा उसाच्या चिपाडाची ताटे कशी आहेत?

ती चांगली आहेत, मजबूत आहेत आणि मातीत कुजतात. सुपारीची ताटे बहुधा कर्नाटकातून येतात, त्यामुळे महाग पडतात. जिथे पळस दाराशी आहे तिथे त्यांची गरज नाही.

पाणी आणि जेवणानंतरचा चहा कशात द्यावा?

पाण्यासाठी स्टीलचे पेलेच ठेवावेत. ते विसळायला सर्वांत सोपे असतात. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले की अशा कपात 100 मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिले तर त्यात प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. चहा कपबशीत द्यावा, आणि कपबश्या कमी असतील तर दोन फेऱ्यांत द्यावा. सणाच्या दिवशी कोणालाही एवढी घाई नसते.

पोळ्याला सालदार आणि शेतावरचे मजूर जेवायला येतात. त्यांना पत्रावळ आणि घरच्यांना ताट, असे केले तर बिघडते का?

फार बिघडते, आणि या प्रश्नाचे उत्तर आम्ही आडपडदा न ठेवता देत आहोत. पोळा हा बैलांचा आणि त्यांच्यामागे वर्षभर राबणाऱ्या माणसांचा सण आहे. ज्या माणसाने ऐन पावसात डवरणी केली, ज्याने सकाळी बैल धुऊन त्यांच्या शिंगांना बेगड लावली, त्याला अंगणात पत्रावळीवर आणि मालकाच्या पाहुण्याला ओसरीवर स्टीलच्या ताटात वाढणे, म्हणजे पुरणपोळी देऊन मान काढून घेणे होय. खेड्यांत वेगळ्या कपबशीचा आणि वेगळ्या ताटाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी तीच रीत ‘सोय’ या नावाखाली कागदी कपाच्या रूपाने परत येत असेल तर ती ओळखून थांबवली पाहिजे.

म्हणून नियम एकच ठेवावा: एका जेवणात सर्वांना एकच पान. ताटे पुरत नसतील तर घरधन्यासकट सर्वांनी पत्रावळीवर जेवावे. पत्रावळ कमी प्रतीची नाही. कमीपणा फरक करण्यात आहे.

सासूबाई म्हणतात की नैवेद्य आणि सवाष्णीचे पान बाजारच्या पत्रावळीवर नको. काय करावे?

त्यांचे म्हणणे सहज पाळता येते. महालक्ष्म्यांचा नैवेद्य आणि सवाष्णीचे पान चांदीच्या, पितळेच्या किंवा घासलेल्या स्टीलच्या ताटात वाढावे, किंवा परसातल्या केळीच्या पानावर वाढावे. पाच-सात ताटांचा तो प्रश्न असतो. त्यासाठी पूर्ण पंगतीची पद्धत बदलण्याची गरज पडत नाही.

जेवण झाल्यावर उष्ट्या पत्रावळींचे काय करावे? उकिरड्यावर टाकल्या तर गुरे खातात, मग काय हरकत आहे?

साध्या पळसाच्या पत्रावळी असतील तर हानी कमी असते, तरीही काड्यांमुळे जनावराच्या तोंडाला इजा होऊ शकते, म्हणून त्या तशाच उघड्यावर टाकू नयेत. प्लास्टिकच्या पापुद्र्याची पत्रावळ मात्र जनावराच्या जिवावर बेतते. गाय उष्ट्याच्या मिठाच्या आणि तेलाच्या वासाने पत्रावळ न चावता गिळते; पापुद्रा पचत नाही, पुढेही सरकत नाही, पहिल्या पोटात साचत जातो आणि पुढे पोट फुगणे, रवंथ थांबणे, खाणे सोडणे ही लक्षणे दिसतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो आणि शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. आदल्या दिवशी ज्यांना ओवाळले त्याच बैलांसमोर दुसऱ्या दिवशी असा ढीग पडलेला असावा, हे शेतकऱ्याच्या घराला शोभत नाही.

पत्रावळी गोळा करताना उरलेले अन्न एका घमेल्यात वेगळे निपटून घ्यावे. शेगावला 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज प्रथम दिसले ते फेकलेल्या उष्ट्या पत्रावळीतली शिते वेचून खाताना, असे परंपरा सांगते. ज्या विदर्भात ही गोष्ट घराघरात सांगितली जाते, तिथे पानात अर्धे जेवण टाकून उठणे बरे दिसत नाही. वाढप्यांनी आग्रह बेताचा करावा, हेही यातच आले.

निपटलेल्या पत्रावळी खतात घालाव्यात. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेल्या नाडेप पद्धतीत दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधून त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देतात आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. पत्रावळी त्यातल्या काडीकचऱ्याच्या थरात फाडून घातल्या की सहज कुजतात. टाके नसेल तर खताच्या खड्ड्यात घालून वर शेण आणि मातीचा थर द्यावा, म्हणजे माशा आणि कुत्री येत नाहीत.

जाळून टाकले तर काम लवकर होत नाही का?

थर्माकोल आणि प्लास्टिकचा थर असलेला कागद जाळल्यास काळा, विषारी धूर निघतो आणि तो गावातच राहतो. शिवाय दिवाळीच्या सुमारास घराघरांत कापूस साठवलेला असतो आणि अंगणाशेजारी कडब्याच्या किंवा कुटाराच्या गंजी असतात. रात्री पेटवलेल्या ढिगातली एक ठिणगी वर्षाचे पीक नेऊ शकते. काहीही जाळू नये.

खर्चाच्या दृष्टीने स्वस्त काय पडते?

गावागणिक भाव वेगळे असतात, म्हणून आकडा न देता हिशेबाची रीत सांगतो. एका बाजूला पत्रावळ आणि प्रत्येकी दोन द्रोण यांची किंमत पाहुण्यांच्या संख्येने गुणावी आणि त्यात दहाव्या हिश्शाची भर घालावी, कारण काही फाटतात आणि काही पाहुणे न सांगता येतात. दुसऱ्या बाजूला ताटांचे भाडे, ने-आण, हरवलेल्या वाट्यांची भरपाई, पाण्याचा टँकर लागला तर त्याचा खर्च आणि भांडी घासणाऱ्यांची मजुरी मांडावी. घरातल्या बायांनी घासली तरी मजुरीचा आकडा त्या रकान्यात लिहावाच. तो शून्य लिहिला जातो म्हणूनच ताटे नेहमी स्वस्त वाटतात.

पत्रावळी उरल्या तर पुढच्या सणापर्यंत टिकतात का?

कोरड्या राहिल्या तर टिकतात. भाद्रपदातली हवा दमट असते, म्हणून आधी दोन-तीन उन्हे द्यावीत, मग जुन्या लुगड्यात किंवा कापडी पिशवीत बांधून मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि गठ्ठा जमिनीवर न ठेवता आढ्याला किंवा फळीवर ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्यास त्यांना घाम सुटतो आणि बुरशी येते. दिवाळीला काढताना प्रत्येक पत्रावळ पालथी करून पाहावी आणि ज्यांना वास येत असेल त्या खताच्या खड्ड्यात टाकाव्यात.